तीन कोटेशनं

बरक्याला आमच्या गल्लीत गटार पोचलेलं नाही अजून.
निळा टँकर पाणी आणतो,
पिवळा घेऊन जातो,
मधलं सगळं आपलं.

गेल्या गुरुवारी ते मधलं वर आलं.
न्हाणीघराच्या जाळीतून,
पाहुण्यासारखं, आधी आवाज देऊन.
वृषालीनं उंबऱ्यात जुने टॉवेल रचले
आणि घरमालकाला फोन लावला. खल्फान म्हणाला,
करार वाचा, पान तिसरं. टाकी भाडेकरूची.

मग कोटेशनं.

पहिला बिजू. इस्त्रीचा शर्ट, फायलीत फोटो:
आधीची टाकी, नंतरची टाकी.
झाकणाला त्यानं हात लावला नाही.
बुटाच्या टाचेनं अंगणातली वाळू दाबून बघितली,
एकशे नव्वद रियाल म्हणाला, अर्धे आगाऊ.
खोली किती, विचारलं तर म्हणाला, स्टँडर्ड.

दुसरा सैफुल. एकशे दहा.
सोबत एक पोरगा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही,
झाकण सरकायच्या आत चपला काढून उभा.
देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडीनं, एका रेषेत.
माफी मुश्किल, सैफुल म्हणाला,
हा उतरेल. दहा मिनिटं.

मी ओरडलो.
शेजारच्या बकऱ्या गप्प झाल्या इतक्या जोरात.
पोरग्यानं चपला घातल्या, घाईत डावी उजवीत.

वृषाली दारातून म्हणाली, एवढं काय झालं?

काय सांगू. आप्पा पालिकेत होते हे तिला ठाऊक आहे.
पालिकेत म्हणजे कचेरीत,
असं बोलणीच्या वेळी तिच्या माहेरी धरून चालले,
आणि आमच्याकडून कुणी दुरुस्त केलं नाही.

आप्पा यायचे ते मागच्या नळावर.
कपड्यांच्या वडीनं अंग घासायचे, मग राखेनं, मग लिंबाच्या सालीनं,
आणि तरी मला कधी हातानं भरवलं नाही.
घरात एकच चमचा होता. तो त्यासाठी होता.

त्यांनी मला शिकवलेलं एकच:
झाकण काढलं की लगेच वाकू नये.
लांब बसून भाकर खावी.
खालच्याला आधी त्याचा श्वास सोडू द्यावा.
गेनूकाका थांबला नाही.
त्याला काढायला उतरलेला मुरलीधरही नाही.
त्या दिवशी आप्पांची भाकर फडक्यात बांधलेलीच घरी परत आली.
आईनं ती कुत्र्यालाही घातली नाही.

तिसरा गुलबाज, स्वातचा, शनिवारी आला.
पहारीनं झाकण उचललं,
वाऱ्याची बाजू बघितली
आणि उपड्या बादलीवर बसून चहा मागितला.
पाच मिनिटं. दहा. वीस.
हा काय टाइमपास, वृषाली कुजबुजली.
मी दुसरा कप ओतला.

मग त्यानं लांब काठी सोडली, वर काढून मला दाखवली:
इथवर गाळ, इथवर पाणी.
शोषखड्डा पीत नाही साहेब,
तीन हातांवर समुद्र आहे तुमच्या खाली,
ज्याचं पोट भरलेलं त्याला काय पाजणार?
नवा खड्डा उंचावर, उथळ, रुंद.

आत कोण उतरणार? मी विचारलं.

कोणी नाही. पंप उतरेल.
उतरावंच लागलं तर पंखा, दोर, वर दोन माणसं.
त्याचे पैसे वेगळे, आत्ताच सांगतो.

दोनशे चाळीस.
वृषाली घासाघीस करायला पुढं झाली,
पण माझं तोंड बघून थांबली.

कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला, बॉनेट तापलेलं.
ऑफिसात, बँकेत, सगळीकडे
मधलं नाव मी एका अक्षरात उरकतो.
इथं पूर्ण लिहिलं.
जागा पुरली नाही,
आडनाव वळून समासात गेलं.
गुलबाजनं बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं,
म्हणाला, बाई बघतायत तुमच्याकडे.

बघत होती.
चहाचे कप तिच्या हातात तसेच.